तुझ्या नावाखाली विकलेली साल

आपा, सुदर्शननं तुझ्या जनाज्याला खांदा दिला, हे मला रशीदभाईंनी सांगितलं. तिसऱ्या दिवशीच्या दुआला, जियारतीला मी तुमच्या घरी आले होते. बायकांच्या खोलीतून उठून निघाले, तेव्हा तुझा हा धाकटा भाऊ दारापर्यंत सोडायला आला. डोळे पुसत म्हणाला, तुमचा तो विद्यार्थी लई रडला हो मॅडम, कब्रस्तान येईपर्यंत खांदा सोडला नाही त्यानं. रशीदभाईंना बिचाऱ्यांना काय माहीत. मी चपला घालता घालता थांबले. तोवर मला नुसतं दुःख होत होतं. त्यानंतर मला सूड पाहिजे होता.

तुला हा शब्द आवडायचा नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वसुधा, इतकं कडू बोलू नये गं, जीभ खराब होते." होऊ दे. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी म्हणते, सुदर्शननं बंद पाडलं. डॉक्टरांना त्यांचं शास्त्र, मला माझं.

कॉलेजातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर तुझी पदवी, तुझी सेवेची वर्षं, तुझे शोधनिबंध, सगळं नीट लिहिलंय. ते मी पुन्हा लिहीत बसत नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू उठून गेलीस, हे काही बरोबर केलं नाहीस.

मी ह्या कॉलेजात आले तेव्हा वनस्पतिशास्त्र विभागात तुझं राज्य होतं. लोखंडी कपाटांत दाबून वाळवलेल्या हजारो झाडांचे कागद, डांबरगोळ्यांचा वास, आणि त्या वासात बसून तू खिचडी आणि चिंचेचा खट्टा खायचीस. मी डीएनएवाली, नवी नवी, नाकाला रुमाल लावून आत आलेली. तू डब्याचं झाकण माझ्यापुढं सरकवलंस आणि विचारलंस, "तुझं ते यंत्र फूल बघतं का?" मी म्हणाले, नाही. "मग पान?" तेही नाही. "मग झाड वळखतं कसं बाई?" मी तुला समजावलं, किराणा दुकानात पुड्यावर काळ्या रेषा असतात ना, तसा प्रत्येक वनस्पतीच्या पेशीत डीएनएचा एक छोटा तुकडा असतो, त्यावरून जात कळते. पान वाळलेलं असो, कुटलेलं असो, फुलाचा पत्ता नसो, तो तुकडा वाचला की नाव सापडतं. तू शांतपणे घास गिळलास आणि म्हणालीस, पण त्या रेषा कोणत्या पुड्यावरच्या, हे आधी कुणीतरी पुडा उघडून बघितलं असेल ना. बस्स. तिथून आपलं जे भांडण सुरू झालं ते तू जाईपर्यंत चालू होतं. मी तुला त्याच आठवड्यात आपा म्हणायला लागले आणि पुढच्या महिन्यात अगं-तुगं.

खरं सांगते, त्या भांडणावर मी जगले. दौलताबादच्या उतारावरच्या एका वेलीचा नमुना मी तपासला आणि यंत्रानं भलतंच नाव दिलं. मी ते नाव घेऊन मिरवत होते. तू पानाचं देठ चुरगाळून हुंगलंस आणि म्हणालीस, बाहेरदेशच्या तुझ्या त्या संग्रहात कुणीतरी चुकीच्या झाडाचं लेबल लावलंय. मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही. शेवटी लेबलच चुकलेलं निघालं. 'तुझं बरोबर होतं' एवढे तीन शब्द म्हणायचे तेव्हा राहून गेले, आता म्हणते. तुला ते तेव्हाही कळलंच असणार, कारण दुसऱ्या दिवशी तू डब्यात खट्टा जास्त आणला होतास.

आणि मग सुदर्शन.

ह्याला तू घडवलंस. वैजापूरकडून आलेला पोरगा, बापाची शेती, अंगात अकड, पण नजर अशी की तू हरखून गेलीस. स्पॉटिंगमध्ये त्याच्यासारखा मुलगा आपल्या विभागानं पाहिला नाही. जे ह्या धंद्यातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते: प्रॅक्टिकलच्या परीक्षेत टेबलांवर रांगेनं नमुने मांडतात, नावाशिवाय. घंटा वाजली की मुलं पुढच्या नमुन्यापुढं सरकतात. ओळखा, आणि का ते सांगा. त्यात तू दरवर्षी एक सापळा लावायचीस. अशोकाच्या सालीच्या जागी आसुपालवाची साल ठेवायचीस. आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला लागून जो उंच, सरळसोट, हिरवागार उभा असतो आणि ज्याला सगळं गाव अशोक म्हणतं, तो आसुपालव. बायकांच्या औषधात जातो तो सीता अशोक वेगळा, केशरी-लाल फुलांचा, आणि आपल्या मराठवाड्यात औषधालाही सापडत नाही. निम्मा वर्ग त्या सापळ्यात अडकायचा. सुदर्शन कधीच नाही. उलट एकदा तू दुसऱ्याच एका नमुन्यात त्याचा अर्धा मार्क कापलास, तर गडी संध्याकाळपर्यंत तुझ्या टेबलापाशी उभा. चुकलो असेन तर दाखवा, म्हणे. तू हसून अर्धा मार्क दिलास. मला म्हणालीस, ह्याला चूक सहन होत नाय, हा लई पुढं जाईल.

गेला पुढं. एमआयडीसीत जडीबुटीच्या भरडींचा, म्हणजे काढ्यासाठी जाडसर कुटलेल्या सालीमुळ्यांचा, कारखाना काढला. उद्घाटनाला तुला बोलावलं, पाया पडला, सगळ्यांना सांगितलं, ह्या माझ्या आई. तू घरी येईपर्यंत डोळे पुसत होतीस. तुला मूलबाळ नाही, हे तू कधी बोलायची नाहीस, पण त्या दिवशी रिक्षात बोललीस.

मग तो अशोकाच्या सालीची पिशवी घेऊन आपल्याकडं आला. म्हणाला, आमच्या मालाची डीएनए तपासणी करून द्या मॅडम, सध्या बाजारात भेसळ फार. मी म्हणाले, नमुना आम्ही दुकानातून घेऊ, तू आणलेला नको. तू माझ्याकडं बघितलंस ते अजून आठवतं. पोराचा अपमान झाला, असं तुझ्या तोंडावर लिहिलं होतं. "आपला मुलगा आहे वसुधा," म्हणालीस. शेवटी त्यानं आणलेलीच साल मी तपासली. साल म्हणजे डोकेदुखी, तिच्यातल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्यानं डीएनए हाती लागत नाही, चारदा करावं लागलं. साल अस्सल होती. तू नजरेनं आणि भिंगानं पडताळलीस, मी यंत्रानं. अहवालावर तज्ज्ञ म्हणून तुझी सही. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की आम्हाला दिलेला नमुना सीता अशोकाचा आहे. दिलेला नमुना. त्यानं त्याच्या डब्यावर काय छापलं? 'डीएनए तपासणीत शुद्ध सिद्ध', आणि खाली तुझं नाव, तुझी सही. तू डबा हातात घेऊन खूश झालीस. मी दातओठ खाल्ले, पण गप्प बसले, कारण तू खूश होतीस.

पुढचं तुला सांगायला नको, पण मला सांगायचंय, कारण ज्यांनी हे वाचायचं त्यांना कळलं पाहिजे.

लासूर स्टेशनची कुशिवर्ताबाई. अंगावरून फार जायचं, म्हणून डब्यावरची तुझी सही बघून तिनं ती भरड आणली. काढा करून घेत राहिली. महिने गेले, बाई पांढरीफटक पडली, शेवटी चक्कर येऊन पडली तेव्हा दवाखान्यात नेली. रक्त चढवलं, गर्भपिशवी काढली, जीव वाचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर आणली असती तर एवढं झालं नसतं. तिचा भाऊ डबा घेऊन कॉलेजात आला. स्टाफरूमच्या दारात उभा राहून तुला म्हणाला, "माझी बहीण मेली असती तर तुमची सही चाटायची होती का आमी?"

तू उठलीस. डबा घेतलास, आतली भरड तळहातावर ओतलीस, एक तुकडा मोडलास. मी समोर उभी होते. तुझ्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं. तुला भिंगही लागलं नाही.

नंतर तू मला म्हणालीस, खरा अशोक असता तरी ती बरी झाली असती का, हे आपल्याला ठाऊक नाय, वसुधा. खरं आहे, ठाऊक नाही. पण बाईनं विश्वास टाकला होता तो अशोकावर नाही, तुझ्यावर टाकला होता, आणि डब्यात होता कुंपणाचा आसुपालव, छाटणीच्या ढिगातून उचललेला.

मी त्याच आठवड्यात औरंगपुऱ्यातून, मुकुंदवाडीतून आणि लासूर स्टेशनच्या बाजारातून त्याचे डबे आणले आणि तपासले. सगळ्यांत आसुपालव. मी अहवाल छापून तुझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, चल, आत्ताच्या आत्ता अन्न-औषधवाल्यांकडं जाऊ. आपलं सगळ्यात मोठं भांडण ते. तू म्हणालीस, एक मौका देऊ त्याला, त्याच्याकडून ऐकून तरी घेऊ. मी म्हणाले, सापाला दूध पाजतेस. तू म्हणालीस, तो साप नाय, माझा विद्यार्थी आहे. तू त्याला घरी बोलावलंस. तो आला, तुझ्या पायाशी बसला, रडला. म्हणे व्यापाऱ्यानं फसवलं, सगळा माल परत मागवतो, थोडा वेळ द्या आपा. हा पण तुला आपा म्हणायला लागला होता. तू वेळ दिलास.

त्या वेळात त्यानं काय केलं? माल परत मागवला नाही. वकील केला. कॉलेजनं चौकशी नेमली, तर हात जोडून समितीपुढं उभा राहिला. म्हणाला, मॅडमनी स्वतः तपासून सही केली, मी तर त्यांच्या भरवशावर होतो. चोराच्या उलट्या बोंबा. समितीनं तुला हर्बेरियमच्या चाव्या जमा करायला सांगितल्या, निकाल लागेपर्यंत. तुझ्या हातानं दाबलेली झाडं, आणि तुला आत जायची बंदी. माझ्या अहवालावर त्याच्या वकिलाचं उत्तर आलं: एकाच प्रयोगशाळेचे दोन अहवाल, एक म्हणतो अशोक, एक म्हणतो आसुपालव, तर तुमचा खोटा कोणता? समितीतले लोक मान डोलवायला लागले. यंत्राचं काय, यंत्र चुकतं. काय म्हणू मी? जो आपल्याकडूनच हे डीएनएच्या रेषांचं बारकोडिंग शिकला, त्यालाच त्यातली फट माहीत होती, की यंत्र फक्त दिलेला नमुना वाचतं. केसानं गळा कापला त्यानं तुझा, आणि तरी तू फोनवर मला विचारत होतीस, त्याचा काही निरोप आला का गं.

निकाल लागायच्या आधी तू गेलीस. समितीनं फाईल मिटवली. त्याचा सुंठीवाचून खोकला गेला.

आणि तरी त्याचं पोट भरलं नाही. तुझ्या मातीला आठवडा झाला नसेल, हा प्राचार्यांच्या केबिनमध्ये. म्हणे कॉलेजात मॅडमची स्मृतिसभा घेऊ, सगळा खर्च मी करतो, आणि माझ्या नव्या डब्यांवर मॅडमचा फोटो छापायची परवानगी द्या. तुझ्या नावावरून 'सईदा स्मृती' असं नाव ठरवूनही आला होता. प्राचार्य खूश. मला बोलावून विचारलं, तुमची काही हरकत? मी म्हणाले, माझी कशाला हरकत असेल सर. फक्त एक गोष्ट करू. भाषणं कमी ठेवू आणि आपांच्या आठवणीत जुन्या विद्यार्थ्यांचं एक स्पॉटिंग घेऊ, घंटा लावून, अगदी त्यांच्या पद्धतीनं. सुदर्शन तिथंच बसला होता. त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, वा मॅडम, मजा येईल, बघू कुणाची नजर शाबूत आहे. मी पण हसले. इतकं गोड मी आयुष्यात हसले नव्हते.

काल झाली सभा. सकाळीच मी प्राचार्यांना म्हणाले, सर, स्पॉटिंगचं थोडं सामान आणायचंय, तुमच्या गाडीतून जाऊ. औरंगपुऱ्यातल्या दुकानातून मसाला, मुळ्या, बिया घेतल्या आणि सुदर्शनच्या अशोक भरडीचा एक सीलबंद डबा. प्राचार्य कौतुकानं म्हणाले, अरे वा, आपल्याच विद्यार्थ्याचा माल. मी म्हणाले, हो ना सर, डबा तुमच्याजवळच ठेवा, बरणीत तुम्हीच ओता, आपांना बरं वाटेल. त्यांनी सभागृहात दोन माजी विद्यार्थ्यांसमोर सील फोडलं, भरड बरणीत ओतली आणि रिकामा डबा स्वतःच्या खुर्चीखाली ठेवला.

सभागृह भरलं होतं. तुझे जुने विद्यार्थी, आता केस पांढरे झालेले, पोटं सुटलेली, रांगेनं बरण्यांपुढून सरकत होते. घंटा वाजली की हशा. कुणी ओव्याला शहाजिरं म्हणालं, सगळे ओरडले. कुशिवर्ताबाई मागच्या रांगेत भावाशेजारी बसली होती, मी बोलावलं होतं. तुझा फोटो मधे. शेवटी सुदर्शनला बोलावलं, मंचावर, माइक देऊन. मी म्हणाले, आपांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी, ह्यानं सगळ्यांसमोर ओळखून दाखवावं आणि कारणही सांगावं, आपा मागायच्या तसं. त्यानं खिशातून भिंग काढलं. अजून बाळगतो.

पहिल्या काही बरण्या त्यानं चुटकीसरशी ओळखल्या. टाळ्या पडत होत्या. मला वाटलं, अशोकाच्या बरणीपाशी थबकेल, संशय येईल. नाही आला. त्यानं तुकडा मोडला, हुंगला, भिंगाखाली धरला, आणि मोठ्यांदा हसला. आपांचा जुना सापळा, म्हणाला. आणि मग माइकमध्ये, खणखणीत आवाजात, सगळ्या सभागृहाला सांगितलं:

"हा सीता अशोक नाही. आतून पिवळट आहे, सोलताना तंतूंच्या पट्ट्या निघतात. हा आसुपालव आहे. कुणी अशोक म्हणून तुम्हाला हे दिलं असेल, तर त्यानं तुम्हाला फसवलंय."

आपा, मी त्याला फसवलं नाही. एक शब्द खोटा बोलले नाही. त्याला चूक सहन होत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. सगळ्यांदेखत चूक म्हणवून घेण्यापेक्षा तो स्वतःचा गळा कापेल, आणि त्यानं कापला. स्वतःचा माल त्याला ओळखू आला नाही, कारण त्यानं तो कधी हातात घेऊन बघितलाच नव्हता. बघायचा तो फक्त डबा.

टाळ्या थांबल्यावर मी प्राचार्यांना म्हणाले, सर, ह्या बरणीत काय ओतलंत ते सांगता का? भला माणूस. खुर्चीखालून डबा काढला, वर धरला आणि म्हणाला, "हेच की, आपल्या सुदर्शनरावांचं..." आणि त्यांचं वाक्य तिथंच अडकलं. 

सुदर्शनचा चेहरा मी बघत राहिले. मला ते बघायचं होतं, त्यासाठीच सगळं केलं होतं, आणि मी पोटभर बघितलं. आधी त्याला समजलंच नाही, मग तो बरणीकडं बघायला लागला, मग भिंगाकडं. पुटपुटला, नुसतं नजरेनं बघून काही सिद्ध होत नसतं. मी म्हणाले, होत नाही ना, म्हणून डीएनए पण केलाय, असल्याच डब्यांचा, तीन ठिकाणांहून आणून. तोही आसुपालवच. आणि तुझ्या वकिलाला सांग, आमचा अहवाल खोटा कोणताच नाही. तू आम्हाला आणून दिलास तो अशोक होता, लोकांना विकतोस तो नाही. हे सगळं माइकवर बोलले. 

गर्दी पांगली तेव्हा कुशिवर्ताबाई तुझ्या फोटोपाशी आली. भाऊ खाली मान घालून मागं उभा. तिनं मला विचारलं, त्या बाई माझ्या घरी डाळिंब घेऊन आल्या होत्या, मी बोलले नाय त्यांच्याशी, त्यांना राग आला असेल का? मी म्हणाले, त्यांना राग येत नव्हता. तू लासूर स्टेशनला एकटी जाऊन आलीस हे मला माहीत नव्हतं, आपा. तू सांगितलं का नाहीस? मी भांडले असते म्हणून? भांडले असतेच.

सभागृह रिकामं झाल्यावर मी प्रयोगशाळेत बरण्या धूत होते. सुदर्शन दारात आला. अंगावरचा कोट काढलेला, खांद्यावर टाकलेला. तक्रार देऊ नका म्हणाला. कारखान्यात चाळीस-पन्नास माणसं आहेत, त्यांच्या चुली आहेत, मी माल बदलतो, शपथ घेतो. मी बरणी धूत राहिले. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, आपा असत्या तर त्यांनी मला माफ केलं असतं."

"केलं असतं," मी म्हणाले. "म्हणूनच तू त्यांच्याकडं गेलास, माझ्याकडं आला नाहीस. आता त्या नाहीत. मी आहे."

आज सकाळी तक्रार दिली. पहिली सही कुशिवर्ताबाईची, जपून, एकेक अक्षर काढत केलेली. दुसरी प्राचार्यांची, तिसरी माझी. दुपारी अधिकारी त्याच्या गोदामात गेले, नमुने त्यांनी स्वतःच्या हातानं काढले, सील केले. ह्या वेळी फट नाही. प्राचार्यांनी तुझ्या नावावरचा ठपका मागे घेतल्याचं पत्र केलं, ते घेऊन मीच रशीदभाईंकडं गेले. त्यांनी दोनदा वाचलं, सुदर्शनच्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, म्हणजे खांदा दिला तो...? मी हो म्हणाले. ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. तेवढ्यासाठी मला वाईट वाटलं. बाकी कशासाठी नाही.

मी कब्रस्तानात यायची नाही, तुमच्याकडं बायका जात नाहीत, म्हणून हे इथं, सगळ्यांना वाचता येईल असं, लिहितेय. तुला माझा राग आला असेल तर येऊ दे. पण आपा, तू चांगली होतीस तेवढ्यावरच मला माफ करून टाकू नकोस, भांड माझ्याशी. ज्याला माफ केलंस त्यानं तुझं काय केलं, ते आपण दोघींनी बघितलं.